डॉक्टर, वैद्य आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : जुनाट आजारांत डॉक्टर आणि वैद्य यांनी मिळून उपचार करावेत की नाही? हा विषय माझ्या पदरात घालण्यात त्यांची थोडी चतुराई आहे. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. इस्पितळात चौतीस वर्षे परिचारिका म्हणून राबून निवृत्त झालेली बाई. दोन्हीपैकी कोणताही पक्ष रागावला तरी माझा दवाखाना बंद पडायचा नाही, कारण मला दवाखानाच नाही! तेव्हा मोकळेपणाने बोलते.

पहिली गोष्ट अशी, की हे ‘मिळून’ उपचार आपल्या घरोघर चाललेलेच आहेत. एकाच कपाटात वरच्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्या, मधल्या फळीवर काढ्याची बाटली, खालच्या फळीवर होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, आणि स्वयंपाकघरात कारल्याचा रस. औषधे शेजारी शेजारी नांदत असतात. पण ती देणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. डॉक्टर आपली चिठ्ठी लिहितात, वैद्य आपल्या पुड्या बांधतात, आणि या दोहोंचा मेळ घालण्याचे काम कोणी करते म्हणाल, तर घरातली बाई करते. तिला कोणी ते शिकवलेले नसते. दम्याचे, मधुमेहाचे, संधिवाताचे, थायरॉईडचे दुखणे एका आठवड्याचे नसते. ते दहा-वीस वर्षे घरात बिऱ्हाड करून राहते. एवढ्या दिवसांत माणूस चार दारे हिंडणारच. त्यात त्याचा दोष काय?

वॉर्डात बिछाने बदलताना उशीखाली काय काय सापडे, हे सांगितले तर आपण हसाल. अंगारा, देवाचा फोटो, शंभराची नोट, आणि पुष्कळदा कागदाची पुडी. पुडीत काय आहे हे विचारले की रोगी पहिल्यांदा दाराकडे बघत असे, डॉक्टर येत नाहीत ना म्हणून. मग हळूच सांगे. ती पुडी चांगली की वाईट हा भाग निराळा. ती उशीखाली होती, आणि टेबलावर नव्हती, हे मला नेहमी खटकत आले.

आपल्याच खाडीच्या पट्ट्यातल्या एका मावशींची हकिकत सांगते. नावगाव सांगत नाही. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जन्म काढलेली बाई. बोटांचे सांधे सुजले, सकाळी उठल्यावर तास तास मूठ वळेना. इस्पितळात आमवाताचे निदान झाले. आमवात म्हणजे वयामुळे गुडघे झिजतात तो नव्हे. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती सांध्यांवर उलटते. त्यावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते (रोज घेतली तर विषासारखी बाधते, हे कोणाच्या घरी ही गोळी असेल त्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावे), आणि ती चालू असताना यकृताची रक्ततपासणी अधूनमधून करावी लागते. मावशींना गुण येऊ लागला. तीन-चार महिन्यांनी तपासणीत यकृताचे आकडे चढलेले आले. डॉक्टरांनी साहजिकच आपल्या गोळीवर संशय घेतला. मात्रा कमी केली, पुढे बंद केली. सांधे पुन्हा सुजले. आकडे मात्र चढलेलेच राहिले. डॉक्टर बुचकळ्यात पडले.

एके दिवशी रक्त घेण्यासाठी त्या माझ्यासमोर बसल्या असताना मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत विचारले, मावशी, आणखी काही घेता का हो? त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “पूड घेते गो. पण डॉक्टरला सांगू नकोस, ओरडेल.” पूड कोणाची? स्टेशनबाहेर पथारी टाकून बसणाऱ्या माणसाची. नाव नाही, चिठ्ठी नाही, घटक लिहिलेले नाहीत. पाच महिने ती पूड त्या गोळीच्या जोडीने पोटात जात होती. ती थांबवल्यावर आकडे उतरले, गोळी पुन्हा सुरू झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती इथे सांगितली नसती, कारण ‘पूड वाईट, गोळी चांगली’ एवढेच त्यातून निघाले असते. पण मावशींच्या सुनेने त्यांना बोरिवलीतल्या एका पदवीधर वैद्यांकडे नेले. त्या वैद्यांनी नाडी पाहण्याआधी इस्पितळाचे कागद मागितले. सर्व वाचले, आणि आपल्या छापील कागदावर डॉक्टरांना पत्र लिहिले : आपली गोळी चालू राहावी, यकृतावर भार पडेल असे पोटातले काही मी सध्या देत नाही, बाहेरून वाळूचा शेक, खाण्यातले पथ्य आणि हालचाल एवढेच माझ्याकडून होईल, पुढच्या तपासणीचे आकडे मलाही कळावेत. ते पत्र डॉक्टरांनी आधी न वाचताच फायलीत सरकवले. दुसऱ्या खेपेला वाचले. तिसऱ्या खेपेला त्याच कागदाच्या पाठीमागे दोन ओळींत उत्तर लिहिले. दोघांची भेट कधी झाली नाही. कागद मात्र मावशींच्या पिशवीतून वर्षानुवर्षे जा-ये करीत राहिला. वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत. ती होतही नसतात. पण मावशी जेट्टीपर्यंत आपल्या पायांनी चालत जात आणि बोटीत बसताना कोणाचा हात मागत नसत.

भगिनींनो, डॉक्टर आणि वैद्य यांचे हे जमणे काही नवे नाही. १९३१ साली कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस या दोघांनी मिळून सर्पगंधेविषयी लेख लिहिला. सर्पगंधा हे आपल्याकडचे जुने औषध. वेडावर आणि निद्रानाशावर देत. तिने रक्तदाबही उतरतो असे या दोघांनी नमूद केले. पुढे आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ती काळजीपूर्वक देऊन पाहिली, नोंदी ठेवल्या, आणि १९४९ साली इंग्लंडच्या एका हृदयरोगविषयक मासिकात त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या गोळ्या जगभर खपल्या. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतले लास्कर पारितोषिक मिळाले. या कथेला दुसरी बाजूही आहे. त्या गोळीने काही रोगी खिन्न होत, जीव नकोसा झाल्यासारखे बोलत. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि ती मागे पडली. ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते. ज्याने गुण येतो त्याने अवगुणही येऊ शकतो.

आता गुळवेलीकडे वळू. करोनाच्या दिवसांत आपल्यापैकी किती जणींनी गुळवेलीचा काढा घेतला? हात वर करायला नको, मला दिसतेच आहे! या एका वेलीची हकिकत ऐकली म्हणजे आजचा विषय पुष्कळसा उलगडेल.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८९ साली आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू झाले. ते उभारणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर आधुनिक औषधशास्त्राच्या प्राध्यापक. झाडाफुलांवर मराठीत सुरेख लिहिणाऱ्या म्हणूनही आपल्याला त्या ठाऊक आहेत. त्यांनी, डॉ. निर्मला रेगे यांनी आणि शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्या पथकाने एक काम केले. कर्करोगाची गाठ येऊन पित्ताची वाट बंद झाली म्हणजे भयंकर कावीळ होते. अशा रोग्यावर शस्त्रक्रिया केली तरी रक्तात जंतू पसरून तो दगावण्याचा धोका फार. या मंडळींनी तीस रोगी घेतले. काहींना नेहमीचे उपचार दिले, म्हणजे प्रतिजैविके, ‘के’ जीवनसत्त्व आणि साचलेले पित्त बाहेर काढणे. बाकीच्यांना हे सर्व दिलेच, आणि जोडीला गुळवेलीचा अर्क दिला. पहिल्या गटात निम्म्या रोग्यांच्या रक्तात जंतू पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीच्या गटात एकालाही दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४० आणि दुसऱ्यात शेकडा ९२ च्या वर होते. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले. तीस ही संख्या लहान आहे, तेवढ्यावरून डंका पिटण्याचे कारण नाही. परंतु काम कसे झाले ते पाहा. शस्त्र सर्जनच्याच हाती राहिले, प्रतिजैविके बंद झाली नाहीत, गुळवेल कोणती, किती आणि किती दिवस हे ठरलेले होते, आणि रक्त तपासणारे कोणीतरी होते.

आता तीच वेल दुसऱ्या वेशात. २०२० सालच्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईतच डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रोगी आले. सहाही जण प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेत होते. त्यांतल्या काहींना थायरॉईडसारखे आजार आधीपासून होते. पुढच्या वर्षी हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली नसेल कशावरून, असे त्यांचे म्हणणे पडले. कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. मला एवढे दिसते, की घरच्या घरी काढा उकळणाऱ्या बाईला ही वेल ती की तिची बहीण हे ओळखता येत नाही, आणि आपली प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली आहे की काय, हेही ठाऊक नसते. आमवातात किंवा काही प्रकारच्या थायरॉईडच्या विकारांत ती शक्ती स्वतःच्याच घरावर दगड मारीत असते; तिला आणखी जोर चढवावा की नाही, हे विचारून ठरवावयाचे.

गुडघ्यांविषयी बोलले नाही तर आज मला चहा मिळणार नाही! पुण्याच्या संधिवात केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण गावी घरोघर जाऊन लोकांच्या सांधेदुखीची पाहणी केली. पुढे ते, पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन आणि इतर अनेक वैद्य-डॉक्टर यांनी मिळून, केंद्र सरकारच्या मदतीने, गुडघ्याच्या झिजेवर मोठी चाचणी केली. ४४० रोगी, २४ आठवडे, चार औषधे. त्यांपैकी दोन आयुर्वेदाची, सुंठ, गुळवेल, आवळा, गुग्गुळ अशा ओळखीच्याच वस्तूंपासून केलेली, तिसरे ग्लुकोसामाईन, चौथी सेलेकॉक्सिब ही डॉक्टरी वेदनाशामक गोळी. कोणाला कोणते औषध मिळते आहे हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे कमी होण्यात आणि चालणे सुधारण्यात आयुर्वेदाची औषधे इतर दोहोंच्या तोडीस तोड ठरली. मात्र ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताच्या तपासणीत एक आकडा चढला. त्यांना त्रास काहीच नव्हता. रक्त तपासले म्हणून कळले. सात जणांचे औषध थांबवले आणि आकडा उतरला. मला या चाचणीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. जे सापडले ते झाकून ठेवले नाही.

खरे जोडीने काम कसे चालते ते पाहावयाचे तर केरळातल्या कासरगोडला जावे लागेल. तिथे डॉ. नरहरी या त्वचारोगतज्ज्ञांची संस्था १९९९ पासून आहे. हत्तीरोगाने सुजलेल्या पायावर ही मंडळी उपचार करतात. समुद्रकाठच्या आपल्या लोकांना हा रोग सांगायला नको. पाय खांबासारखा होतो, त्याला घड्या पडतात, घड्यांत चिरा, चिरांत जंतू, मग थंडी भरून ताप, आणि प्रत्येक तापागणिक पाय अधिक जाड. सुजलेल्या पायाची बाई लग्नकार्यात जाईनाशी होते, घरातले तिला मागच्या खोलीत बसवतात. कासरगोडला काय करतात? आधी पाय साबणाने स्वच्छ धुऊन, घड्या न् घड्या कोरड्या करणे. त्वचेवरच्या चिरा आणि जंतू यांच्यावर डॉक्टरी औषध. नंतर वनस्पतींच्या फांटात पाय बुडवून ठेवणे. नंतर योगासने आणि श्वासाचे व्यायाम, आयुर्वेदाच्या तेलाने मालीश, आणि शेवटी लांब पट्टा घट्ट गुंडाळणे. तो पट्टा बांधावयास घरातल्याच माणसाला शिकवतात, कारण घरी गेल्यावर रोज बांधणारे तेच. यात कोणी कोणाचे शास्त्र खोटे पाडीत नाही. चीर भरून आल्याशिवाय तेलाचा हात लागत नाही, आणि मालीश झाल्याशिवाय पट्टा चढत नाही. पुढे गुलबर्गा आणि आलप्पुळा जिल्ह्यांतल्या खेड्यांतही हीच पद्धत नेण्यात आली. पाय बारीक झाले, तापाच्या पाळ्या कमी झाल्या. खर्चिक यंत्र एकही नाही. लागते ती शिस्त, आणि दोन माणसांनी एकमेकांचे ऐकून घेणे.

आपल्या गोराईतला पगोडा आपण रोज पाहतो. २००९ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा आपल्यापैकी कितीजणी गेल्या होत्या. विपश्यना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा असा भयानक त्रास होता की मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत. देशोदेशींचे डॉक्टर झाले, गुण नाही. १९५५ साली ते ऊ बा खिन या गुरूंकडे गेले. गुरूंनी साफ सांगितले, नुसते डोके बरे करावयास येत असाल तर येऊ नका, ही त्यासाठीची जागा नाही. त्यांचे डोके पुढे थांबले ही गोष्ट वेगळी. पण आपल्या विद्येने काय होते आणि तिच्यावर काय मागू नये हे सांगणारा गुरू मला आवडतो. आजही शिबिराच्या अर्जात आपले आजार आणि चालू औषधे लिहावी लागतात. जो ‘सर्व गोळ्या बंद करा, मी बघतो’ म्हणतो, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, त्याच्या पायऱ्या मी चढत नाही.

आता घरच्या गोष्टी चटकन सांगते, कारण घड्याळ माझ्याकडे डोळे वटारून पाहते आहे. इन्सुलिन, थायरॉईडची गोळी, फिट्सचे औषध, रक्त पातळ करणारी गोळी, ही कोणाच्याही सांगण्यावरून मनाने बंद करावयाची नाहीत. दुसऱ्या औषधाने गुण येऊ लागला असे वाटले तर तपासणी करून, डॉक्टरांना दाखवून, त्यांनीच मात्रा उतरवावी. कारल्याचा किंवा जांभळाच्या बियांचा उपाय मधुमेहाच्या गोळीच्या जोडीने घेतला तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते. ज्येष्ठमध घशाला चांगले, परंतु रोज पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढवते. इसबगोल, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीला रक्तात शिरू देत नाहीत. त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. भस्मे घ्यावयाची तर माहीतगार वैद्यांच्या हातूनच, बाटलीवर कारखान्याचे नाव आणि परवाना पाहून. आणि ज्या निनावी पुडीने दोन दिवसांत दमा किंवा सांधे ‘जादूसारखे’ थांबतात तिच्यात स्टेरॉईड कालवलेले असण्याचा दाट संभव असतो. तोंड गोल होते, साखर चढते, आणि पुडी एकदम सोडली तर माणूस कोसळतो. अशी पुडी कोणी घेत असेल तर एकदम थांबवूही नये. तडक डॉक्टरांपुढे नेऊन ठेवावी.

डॉक्टर ओरडतात, ही तक्रार खरी आहे. मी चौतीस वर्षे ते ओरडणे ऐकले आहे. दुपारी एक वाजता दीडशेवा रोगी समोर असताना माणूस ओरडतो. वैद्यही काही कमी नसतात. ‘त्या गोळ्यांनी शरीर खराब केलेत’ हे वाक्य पुष्कळांच्या जिभेवर तयार असते. दोघांनाही आपण बदलू म्हटले तर आपले आयुष्य पुरणार नाही. कागद मात्र बदलता येतो. तोंडाने सांगताना आपण बिचकतो, अर्धे विसरतो. लिहिलेले दिसले की माणूस वाचतो.

म्हणून मंडळाने शंभर पानी वह्या आणल्या आहेत. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी आहे ते. पुढे डाव्या पानावर डॉक्टरांची औषधे, उजव्या पानावर वैद्यांची, होमिओपॅथीची आणि घरचीसुद्धा; काढा, रस, लेप, काहीही वगळू नये. मागच्या पानांवर तपासण्यांचे आकडे तारखेसह. दोन्ही दवाखान्यांत तीच वही पुढे करावयाची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी आणि आणखी दोघी जणी दर शनिवारी दुपारी तीन वाजता इथेच बसू. घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणावी, उशीखालची सुद्धा. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पलीकडे बोरिवलीला जाणाऱ्या भगिनींनी आधी घ्याव्यात, त्यांना बोट गाठायची आहे.